पाय न टेकवता

साधनाने व्हिडिओ पुन्हा मागे नेला आणि नेमक्या जागी बोट ठेवून थांबवला.

"राजदीप, याचे पाय पाह्य."

धाकटा भाऊ राजदीप सुटीसाठी पुण्याहून दारव्ह्याला आला होता आणि बहिणीसाठी गाडी ठरवूनच परत जायचं असं त्याने मनात घेतलं होतं. तो मोबाइलवर वाकला. पडद्यावर काळा चष्मा घातलेला एक तरुण स्कूटरवर बसला होता. स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटी चाकं लावलेली होती. दिव्यांग बांधवांसाठी ही गाडी म्हणजे वरदान आहे, असं तो सांगत होता. मागे घ्यायलासुद्धा एकदम सोपी, असं म्हणताना त्याने दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि गाडी मागे ढकलली. लगेच चित्र बदललं आणि गाणं सुरू झालं.

"पायानं ढकलली त्यानं," साधना म्हणाली. "मी कायनं ढकलू?"

राजदीपला ते आतापर्यंत दिसलं नव्हतं. हा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलाय, एवढंच तो पुटपुटला.

"पाह्यनाऱ्याईचे पाय चांगले असतीन," ती म्हणाली आणि पुढचा व्हिडिओ लावला.

साधना एक्केचाळीस वर्षांची होती. लहानपणी पोलिओने तिच्या दोन्ही पायांतलं बळ गेलं होतं. डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातात कुबड्या, अशी ती चाले. दारव्ह्यापासून थोडं आत असलेल्या एका गावच्या ग्रामपंचायतीत ती संगणकावर दाखले काढून देण्याचं काम करी. इतकी वर्षं वडील, बाबाराव, तिला मोपेडवर नेऊन सोडत आणि संध्याकाळी घेऊन येत. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण या कामातून त्यांनी सुटी घेतली नव्हती. मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी रस्त्यात उभ्या असलेल्या बैलगाडीला त्यांनी मोपेड लावली, तेव्हा ते सगळ्यांना कळलं. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मोपेडची किल्ली साधनाच्या हातात ठेवली आणि अंगणात जाऊन बसले.

तेव्हापासून ती जीपने जात होती. जीपवाला भला माणूस होता. पायरी उंच म्हणून तो काखेत हात घालून तिला वर ओढायचा आणि हसून विचारायचा, लागलं नाही ना. लागायचं नाही. पण ऑफिसात खुर्चीवर बसल्यावरही ते हात तिला बराच वेळ जाणवत राहायचे.

नोकरी सोड, असं बाबारावांचं म्हणणं होतं. घरीच एखादं झेरॉक्सचं दुकान टाकू म्हणाले. ती गाडी चालवणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. साधनाने वाद घातला नाही, पण संध्याकाळी व्हिडिओ पाहणंही सोडलं नाही.

पाहता पाहता तिची एक रीत बसली. आधी आवाज बंद करून ती नुसता रस्ता पाही. रस्ता गुळगुळीत असला, तर तो व्हिडिओ आपल्या कामाचा नाही. मग आवाज चालू करून, माणूस गाडीची एक तरी खोट सांगतो का, ते ऐके. बहुतेक जण सांगत नसत. दोन वेगळ्या शहरांतली दोन वेगळी माणसं एकच वाक्य, त्याच क्रमाने, त्याच ठिकाणी थांबून बोलताना तिने पकडली. चष्मेवाल्याच्या व्हिडिओखाली तिने लिहिलं, 'पाय जमिनीला न लावता गाडी मागे घेऊन दाखवा.' दुसऱ्या दिवशी ते वाक्य तिथे नव्हतं. तिने तेच पुन्हा लिहिलं. या वेळी हात जोडल्याचं चित्र आलं आणि उत्तर आलं, 'ताई, शोरूमला भेट द्या.'

राजदीप पुण्याला परतण्याआधी तिला यवतमाळच्या शोरूममध्ये घेऊन गेला. तिथल्या माणसाने चकचकीत फरशीवर तिला एक फेरी मारू दिली. शेजारीच मुरमाचा उतार होता. तिथे नेऊन पाहते, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही व्हिडिओ पाहिला नाही का?"

"पाह्यला," ती म्हणाली. "म्हनूनच आली."

त्याने गाडी उतारावर नेऊ दिली नाही.

हलीमा नावाच्या एकीचा व्हिडिओ तिला त्यानंतर सापडला. तो फारच थोड्या लोकांनी पाहिला होता. गाणं नव्हतं, नुसता वारा वाजत होता आणि मोबाइल धरणाऱ्याचा हात हलत होता. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई अशाच स्कूटरवर बसली होती. पायापाशी बांगड्यांचे डबे होते. रस्त्यात एक खोलगट जागा होती. बाजूची दोन चाकं दोन्हीकडच्या उंचवट्यांवर टेकली होती आणि मधलं चाक अधांतरी गरगर फिरत होतं. गाडी जागची हलत नव्हती. बाई मोबाइलकडे पाहून म्हणाली, "पाहा. अशी अटकते ही. अन् हे कोनी सांगत नाही."

साधनाने तो कितीदा तरी पाहिला. मग तिच्या मनात आलं, हिला दुसऱ्या एखाद्या कंपनीने हे बोलायला लावलं असेल तर? तिने खाली तेच विचारलं. हलीमाचा फोन नंबर आला आणि सोबत एवढंच, 'केळापूरला या. स्वतः बसून पाहा.'

बाबाराव म्हणाले, मीही येतो. त्यांच्यासाठी तिला थांबत थांबत चालावं लागणार होतं आणि तिच्यासाठी त्यांना. यवतमाळला एसटी बदलून दोघं पांढरकवड्याला उतरले आणि तिथून ऑटोने केळापूरला गेले.

हलीमा दारातच बसली होती. तिचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता आणि दुसऱ्यात जोर नव्हता. नवरा गेल्यापासून ती आठवडी बाजारांत बांगड्या विकत होती. पाणी झालं, चहा झाला. मग साधनाने सरळच विचारलं की, भाभी, स्वतःच्याच गाडीला तुम्ही नावं कशी ठेवता?

"माझी हाये म्हनून का खोटं बोलू?" हलीमा म्हणाली. "मी व्हिडिओ पाहून घेतली. पहिल्याच बाजाराले गेलती, तं रस्त्यात तासभर बसून होती, धुपकाल्याच्या भर उनात. गाडीवरून उतरता येत नाही, अन् उतरली तं ढकलता येत नाही. एखादी दुसरी तशी बसू नये म्हनून लेकाले म्हटलं, काढ व्हिडिओ."

तिने किल्ली साधनाच्या हातात दिली. घरामागे बैलगाडीची खोल चाकोरी पडलेली वाट होती. हलीमाने तिला मुद्दाम त्याच वाटेवर न्यायला लावलं आणि स्वतः कुबड्यांवर मागून आली. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबली. साधनाने मूठ पिळली, तसं मागचं चाक हवेत भणभणलं आणि गाडी तशीच उभी राहिली. उतरायचं म्हटलं, तर कुबड्या दूर भिंतीशी होत्या.

बाबारावांना दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता. ते हात पुढे करून चाचपडत निघाले.

"बाबा, तुमी थांबा," हलीमा म्हणाली. "रोज कोन येनार हाये?"

बाबाराव थांबले. त्यांचे हात तसेच पुढे राहिले, मग हळूहळू खाली आले.

हलीमाने जागचं न हलता सांगितलं, मूठ सोड, हँडल पूर्ण वळव, अंग एका बाजूला टाक आणि गाडीला झोका दे. साधनाने झोका दिला. काही झालं नाही. दोनदा, तीनदा दिला. कॅलिपरची पट्टी मांडीत रुतली. पुढच्या झोक्याला एका बाजूचं चाक उंचवट्यावरून घसरलं, मधलं चाक जमिनीला लागलं आणि गाडी तिरकी होऊन बाहेर आली.

ती वळून परत आली, तेव्हा हलीमा म्हणाली, "गाडी घेऊ नको म्हनत नाही मी. ही घेऊ नको. बॅटरीची घे, बटन दाबलं की मांगं येते तशी. अन् बाजूच्या चाकाईले स्प्रिंग पाह्यजे, म्हंजे ती खालीवर होतात. पन तेही मी ऐकलेलं हाये, चालवलेलं नाही. तूच पाह्य चालवून."

परतीच्या एसटीत बाबाराव म्हणाले, "ते चाक वाजलं तवा मले वाटलं, आता तू पडली."

"मलेबी वाटलं," साधना म्हणाली.

नोकरीचं पुन्हा ते काही बोलले नाहीत.

पुढे दोन महिने गेले. तशी गाडी यवतमाळच्या दुसऱ्या दुकानात मिळाली. तिथल्या मालकालाही उतारावरची फेरी नको होती. आज नाही तर उद्या येईन, पण चालवल्याशिवाय घेणार नाही, असं साधनाने सांगितलं आणि दाराशीच खुर्ची मागून बसली. दुपारपर्यंत बसली. शेवटी त्याने गाडी मागच्या मातीच्या रस्त्यावर काढून दिली. तिथे एक खड्डा बघून तिने गाडी मुद्दाम त्यात घातली. बाजूची चाकं खालीवर झाली, मधलं चाक जमीन धरून राहिलं. तिने बटण दाबलं. एकही पाय न टेकवता गाडी चढावर मागे आली. आरटीओच्या चकरा झाल्या, लायसन्स झालं.

पहिल्या दिवशी बाबाराव दारात उभे राहिले. ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते कान देऊन उभे होते, असं शेजारणीने नंतर सांगितलं. बॅटरीच्या गाडीचा आवाज तो केवढा, त्यांना कितपत ऐकू आला असेल कोण जाणे. ऑफिसात सरपंचांनी गाडीभोवती फिरून पाहिलं, दाखल्यासाठी आलेल्या बायांनी सीटवर हात फिरवला. दिवस नेहमीसारखा गेला.

संध्याकाळी परत येताना अर्ध्या वाटेवर साधनाने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. गाडीत काही बिघाड नव्हता, कुणाचा फोनही आला नव्हता. मोपेडवर आणि जीपमध्ये इतकी वर्षं ती याच रस्त्याने आली-गेली होती, पण मधे कधी आपल्या मनाने थांबली नव्हती. थांबा म्हणायला काही कारण लागतं, आणि तसं कारण तिच्याकडे कधी नसायचं.

तिने बाटली काढली आणि सीटवर बसूनच पाणी प्यायली. समोरून कापसाने भरलेली एक मेटॅडोर गेली. रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना कापसाचे पांढरे पुंजके अडकले होते. वारा आला की ते थरथरत, पण सुटत नसत. अंधार पडायला अजून वेळ होता. ती पाहत बसली.