भुवईतली खाच

व्हॅनवाल्याने अण्णांच्या डोक्यात पहिला घाव घातला, तेव्हा ताई दुकानाच्या मागच्या खोलीत खिळ्यांची खोकी लावत होती. सुट्टीच्या दिवशी वडिलांना हातभार लावायला ती हार्डवेअरच्या दुकानात यायची. बाहेरचं भांडण तिला ऐकू येत होतं. कुणीतरी व्हॅन थेट दारात आडवी लावली होती आणि अण्णा ती काढायला सांगत होते. अण्णा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. असली भांडणं रोजचीच, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. मग मडकं फुटावं तसा आवाज आला.

ती धावत आली. अण्णा फरशीवर पालथे पडले होते आणि एक माणूस जॅकचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी उचलून पुन्हा त्यांच्या डोक्यात घालत होता. "काढ म्हणतोस? थांब, तुझाच जीव काढतो!" घोगऱ्या, फाटक्या आवाजात तो ओरडत होता. ताईने हाताला लागलेला कुलपांचा डबा त्याला फेकून मारला. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, व्हॅनमध्ये उडी मारली आणि गेला. पापणी लवेपर्यंत दिसलेला चेहरा, बस.

अण्णा वाचले, पण कवटीचा तुकडा काढावा लागला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. व्हॅनचा नंबर कुणीच पाहिला नव्हता. ताईने केलेल्या वर्णनावरून फौजदारांनी चित्रकाराकडून चेहरा काढून घेतला. तो पाहून धाकटा भाऊ म्हणाला, "हा तर आपला मामासुद्धा असू शकतो."

ताई एका जाहिरातीच्या ऑफिसात चित्रं करायची, हाताने नव्हे तर शब्दांनी. कॉम्प्युटरला वर्णन लिहून द्यायचं, तो चित्र काढणार, नाही पटलं तर शब्द बदलायचे. 'ताजं' म्हटलं की सफरचंदावर थेंब येतात, 'घरगुती' म्हटलं की टेबलाला ओरखडे पडतात, हे सगळं तिला पाठ होतं. तिने ठरवलं, हा चेहरा आपणच काढायचा.

'चाळिशीचा रागीट माणूस, रुंद जबडा' असं तिने लिहिलं, तर सिनेमातला देखणा खलनायक आला. 'रागीट' काढून 'दमलेला' लिहिलं, तर कुणी बिचारा कारकून समोर बसला. 'दमलेला' खोडून 'झोप न झालेला' केलं. डोळ्यांखाली काळं आलं. तो चेहरा तिने धरून ठेवला आणि एकेक शब्द बदलत गेली. जाड मान. ओठ दाताखाली दाबलेला. फोनने घाईत काढलेला फोटो. 'रक्त' लिहिलं की यंत्र अडून बसायचं, म्हणून 'गालावर लाल शाईचे शिंतोडे' लिहिलं. शब्दागणिक माणूस जवळ यायचा, पुन्हा लांब जायचा. प्रत्येक चेहऱ्यापुढे ती डोळे मिटायची, दांडा पुन्हा अण्णांच्या डोक्यात पडायचा, आणि डोळे उघडून ती स्वतःला विचारायची, हाच का?

एका दुपारी 'उजेड डावीकडून' एवढंच बदललं आणि ती खुर्चीसकट मागे सरकली. तोच! डाव्या भुवईत केस नसलेली एक खाच होती. खाचेबद्दल तिने अक्षरही लिहिलं नव्हतं, यंत्राने ती आपल्या मनाने घातली होती. "होती की!" ती मोठ्याने म्हणाली. "मी विसरलेच होते."

धाकट्याने चित्र अण्णांपुढे धरलं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ओळखलं! बघ ताई, ओळखलं!" तो किंचाळला. हल्ली समोर चमचा धरला तरी अण्णा रडायचे, हे ताईला माहीत होतं. ती गप्प राहिली.

"आधी फौजदारांना दाखवा रे," आई म्हणाली.

"दाखवू की," असं म्हणून धाकट्याने ते चित्र आपल्या दोस्तांच्या फोनवर पाठवलं.

दोनच दिवसांत त्याचा फोन आला. "ताई, सापडला! शाळेची भिंत रंगवतोय. भुवईत खाच आहे, ये लवकर!" मागून कुणाच्यातरी किंकाळ्या ऐकू येत होत्या.

ती पोचली तेव्हा शिडी आडवी पडली होती आणि पांढऱ्या रंगात रक्त मिसळून रस्ताभर पसरलं होतं. पाचसहा जण एका रंगाऱ्याला लाथा घालत होते. एकाने त्याचा हात भिंतीशी दाबून धरला, दुसऱ्याने रंगाच्या बादलीने त्याची बोटं ठेचली. धाकट्याच्या हातात नळाचा पाइप होता. त्याने तो गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज ताईला रस्त्यापलीकडे ऐकू आला. रंगाऱ्याने मान वर केली. तंतोतंत चित्रातला चेहरा. तिच्या मनात आलं, मारा, अजून मारा.

"अहो, मी काय केलंय?" तो रडत म्हणाला. "मी तुम्हाला ओळखतही नाही हो!"

बारीक, पातळ आवाज, एखाद्या पोरासारखा.

"हा नाही!" ताई ओरडली. "थांबव! हा तो नाही!"

"चित्र तूच काढलंस ना?" धाकटा पिसाळला होता. "भुवई बघ त्याची!" पाइप खाली आला आणि रंगाऱ्याच्या डोळ्यात घुसला. ताईने रंगाऱ्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. पुढचा फटका तिच्या खांद्यावर बसला, गळ्याखालचं हाड काडीसारखं मोडलं. आपण कुणाला मारलं हे कळल्यावरच धाकट्याच्या हातातला पाइप गळून पडला. बाकीचे केव्हाच पळाले होते.

रंगाऱ्याचा डोळा गेला, ठेचलेली बोटं कापावी लागली. धाकट्याला त्याच दिवशी बेड्या पडल्या.

खरा व्हॅनवाला पुढे दुसऱ्याच एका मारामारीत पकडला गेला. व्हॅनमधल्या दांड्यावर अण्णांचे केस चिकटलेले सापडले. ओळख पटवायला माणसं रांगेत उभी केली, तर ताई त्याच्यासमोरून दोनदा सरळ निघून गेली. गोल तोंड, दोन्ही भुवया धडधाकट. फौजदारांनी प्रत्येकाला बोलायला लावलं, आणि तो घोगरा आवाज कानावर पडताच तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. तरीही त्यानंतर डोळे मिटले की अण्णांवर दांडा उगारणारा तिला रंगारीच दिसायचा.

खांद्याला पट्टा बांधून ती इस्पितळात त्याला भेटायला गेली. रंगाऱ्याच्या बायकोने तिला दारातच अडवलं.

"त्या यंत्राला माझ्या नवऱ्याचं तोंड कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं, वहिनी."

बायकोने तिच्या सणसणीत थोबाडीत मारली. पट्ट्यातला खांदा कळवळला, तरी ताई जागची हलली नाही. "उद्या कोर्टात हेच सांगशील?" बायकोने विचारलं.

"सांगेन."

घरी आई तिच्या पाया पडायचीच बाकी होती. "एक तुरुंगात, एक अंथरुणात. आता तूही जाणार? तुझं नाव कुणी घेतलंय का? सगळे भावालाच धरून बसलेत."

"म्हणूनच, आई," ताई म्हणाली.

धाकट्याचा खटला उभा राहिला, तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून तिने सगळं सांगितलं: कुठला शब्द कधी बदलला, खाच कुणी घातली, अण्णा रडले तेव्हा आपण का बोललो नाही. धाकटा खाली मान घालून ऐकत होता. न्यायाधीशांनी विचारलं, रंगाऱ्याला मारत होते तेव्हा त्याला मारावं असं तुम्हालाही वाटलं होतं का?

"हो," ती म्हणाली. "तो बोलेपर्यंत वाटलं होतं."