आईच्या वाटेवर

ज्ञानेश्वरीबाईंना सत्तरावं लागलं, त्याच महिन्यात त्यांच्या हातून कुकर जळला. मुलगा तेजस आणि सून भाविका ऑफिसला गेले होते. डाळ लावून त्या बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसल्या आणि करपल्याचा वास आल्यावर धावल्या. डाळीचा कोळसा झाला होता. शिट्ट्या किती झाल्या? त्यांना एकही आठवेना.

ओट्याला धरून त्या उभ्या राहिल्या. आईचं असंच सुरू झालं होतं, सत्तरीतच. आधी दूध उतू जाऊ लागलं, मग नावं गेली. शेवटी एका दुपारी त्या आईची वेणी घालत असताना आईने वळून विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

कुकर त्यांनी पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकला. भाविकाला सांगितलं, कामवालीला दिला.

तेव्हापासून त्या स्वतःवर पाळत ठेवू लागल्या. उठल्या उठल्या एकोणतीसचा पाढा म्हणायच्या. पाढा बिनचूक आला तरी धीर येत नसे. पाढे आईलाही शेवटपर्यंत येत होते.

सोसायटीच्या बागेत रोज संध्याकाळी पाचसहा जणी जमायच्या. एकदा त्यांची उरणला जायची सहल ठरली. ज्ञानेश्वरीबाई नेहमीसारख्या संध्याकाळी खाली उतरल्या, तर सगळ्या सहलीहून परत येत होत्या.

"अहो, कालच नाही का ठरलं? तुम्ही मान डोलावलीत की!" त्यांच्यातली एक म्हणाली.

त्यांना काहीच आठवत नव्हतं. बाकीच्यांतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. आईच्या डोक्यावरून घरातली माणसं अशीच एकमेकांकडे बघायची.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बागेत जाणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणाल्या. मैत्रिणींचे फोन उचलेनाशा झाल्या. आठ महिने असेच गेले. मग खरंच शब्द अडू लागले, वार चुकू लागले. एकदा तेजसला त्यांनी भावाच्या नावाने हाक मारली आणि रात्रभर डोळे मिटले नाहीत.

दिवाळे गावची कोळीण गोजरा वीस वर्षं त्यांच्या दारावर मासळी घेऊन यायची. त्या सकाळी ज्ञानेश्वरीबाई कचऱ्याचा डबा ठेवायला दार उघडतात तर समोर ती उभी.

"ताई, कवापासून बेल मारते! परवा पन तशीच परत गेली मी."

"झोपले असेन," त्या पुटपुटल्या.

गोजरा पाटी उतरवून खाली बसली. मान खाली घालून बोंबील साफ करता करता काहीतरी म्हणाली. ज्ञानेश्वरीबाईंनी मान डोलावली.

गोजराने वर पाहिलं. "मी काय इचारला?"

ज्ञानेश्वरीबाईंचा एकदम बांध फुटला. "गोजरा, माझं आईसारखं होतंय गं. मला काही लक्षात राहत नाही." हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या.

गोजराने हातातला बोंबील खाली ठेवला. "मागल्या टायमाला मी काय सांगितला तुमाला?"

"नातीला नर्सिंगला घेतलं. जावयाची होडी दुरुस्तीला आहे."

"मंग? सगला तर आठवतंय!" गोजराने पाठ फिरवली, थोडी थांबली, परत वळली. "आता काय बोलली मी?"

"तू बोललीस?"

"ताई, तुमचा डोका जाग्यावर हाय. कान गेलेत. माजा आवाज बाजारातला, म्हनून तेवढा ऐकू येतो."

सुटका वाटण्याऐवजी ज्ञानेश्वरीबाईंना जास्तच भीती वाटली. तपासलं आणि कान चांगले निघाले तर? मग काहीच सबब उरणार नव्हती. त्यांनी दोन आठवडे टाळलं. शेवटी गोजराच त्यांना रिक्षात घालून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

कानांना हेडफोन लावून त्यांना बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं होतं. त्या घामेजल्या बोटाने वाट बघत राहिल्या. काचेपलीकडची मुलगी काहीतरी वाजवत होती, हे दिसत होतं. आवाज येत नव्हता.

डॉक्टरांनी स्मरणशक्तीही तपासली. "ऐकू येणं बऱ्याच वर्षांपासून कमी होत आलंय. जे ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? पण आठ महिने कोंडून घेतलंत, त्यानेही मंदावलात. कानाला यंत्र लावा आणि माणसांत जा."

"पण पुढे आईसारखं होणार नाही ना?"

"ते कुणालाच लिहून देता येत नाही, आजी."

यंत्र लावून त्या बागेत गेल्या. चपलांचा, पानांचा, कावळ्यांचा आवाज कानांवर आदळत होता. बाकापाशी उभं राहूनच त्यांनी सांगून टाकलं, "मला ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, वेड लागतंय. म्हणून लपून बसले होते."

मग त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या सुमित्राबाई सरकल्या, बाकावर जागा केली आणि अगदी हळू म्हणाल्या, "मला महिनाभर आमच्या शेजारणीचं नाव आठवत नाहीये. घरी सांगायची हिंमत होत नाही."

ते ज्ञानेश्वरीबाईंना स्पष्ट ऐकू आलं. त्या शेजारी बसल्या. "उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते तुमच्याबरोबर," म्हणत त्यांनी सुमित्राबाईंचा हात धरला.