दोन चिरा आणि एक ठिपका

हत्ती तीन दिवस चालून मेला होता. माग तसंच सांगत होता. आधी पाय फरफटत नेलेला, मग जागोजागी बसल्याच्या खुणा, आणि पाणवठा शंभर पावलांवर असताना कोसळलेला. सुळे जागच्या जागी होते. मारणाऱ्यालाही तो सापडला नव्हता, म्हणजे बिचारा फुकटच गेला.

मी वनरक्षक. सुरीनं जखम उकरून मी बाणाचं पातं बाहेर काढलं. त्यावर दोन चिरा आणि एक ठिपका. ती आमच्या घराची खूण होती.

"कुणाची रे ही, एलेमा?" साहेबांनी विचारलं.

"शोधतो, साहेब," मी म्हणालो.

आम्ही वाटा नावाच्या जमातीचे. वाडवडील हत्तीच मारायचे. ज्याचा बाण पहिला लागला त्याचे सुळे, म्हणून प्रत्येक घर पात्यावर आपली खूण कोरायचं. बंदी आली, तुरुंग आले, तरी रीत सुटत नाही. घर फोडायचं आणि भिंतीवर स्वतःचं नाव लिहून यायचं, असली आमची अक्कल! ही खूण कोरणारे तिघंच: बाबा, मी आणि धाकटा गुयो. ऐंशीच्या बाबांना धनुष्य उचलवतही नव्हतं.

घरी येऊन मी पातं बाबांसमोर ठेवलं. त्यांनी ते हुंगलं.

"कच्चं आहे विष. किती चालला?"

"तीन दिवस."

"तीन दिवस?" बाबांचा आवाज फाटला. "माझं विष लागल्यावर एकही हत्ती इथून त्या अंगणातल्या बाभळीइतकाही लांब गेला नाही. जनावराला असं कुजवून मारतात का रे?"

गुयो दारात उभा होता. "हत्तींनी माझा सगळा मका तुडवला, तेव्हा माझ्या पोरांच्या उगालीला पीठ द्यायला आलं होतं का कुणी?"

"मक्यासाठी मीही रडलोय. पण हा वीस वर्षं आत जाईल, बाबा," मी म्हणालो. "चार पोरं आहेत याला."

गुयोनं बाबांचे पाय धरले. पुन्हा धनुष्याला हात लावणार नाही म्हणून आईची शपथ घेतली.

सकाळी बाबा काठी टेकत ठाण्यावर हजर. "खूण माझी. हत्ती मी मारला."

साहेब हसले. "म्हातारबा, तुम्हाला काठी पेलत नाही, धनुष्य कसलं ओढता?"

"म्हणूनच तर तीन दिवस चालला, साहेब. हातात जोर राहिला नाही. विषही कच्चं राहिलं."

जबाब लिहून घ्यायचं काम माझंच होतं. बाबांकडे न बघता मी शब्दन् शब्द लिहिला. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. ती लाज अजून जात नाही.

तुरुंगात बाबांनी चार महिने काढले. मग छातीत कफ दाटला आणि गेले.

त्यानंतर महिन्याभरानं नदीकाठी एक हत्तीण मेलेली सापडली. तिच्याही मागावर तीन दिवसांची फरफट होती. पिल्लू सोंडेनं तिला उठवत होतं. मी पातं उपसलं. दोन चिरा आणि एक ठिपका.

साहेब चक्रावले. "अरे, म्हातारा तर मेला ना?"

"गुयोचं आहे, साहेब. माझ्या भावाचं. मागचंही त्याचंच होतं."

साहेबांनी वही काढली.

"माझं काय करायचं ते करा," मी म्हणालो. "पण आधी एवढं लिहा. माझ्या बापाचं विष कधी कच्चं नसायचं."