शिडीच्या पेटीत पडलेलं फौजी मत

मित्रांनो, मी एक जुनी, गंज चढलेली लोखंडी मतपेटी आहे. माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. माणसांचा एकमेकांवर भरवसा असता, तर कुलूप आणि लाखेची मोहर लावलेली पेटी कोणी कशाला घडवली असती?

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत मला बैलगाडीतून मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत नेलं. तेव्हाची रीत ऐकून तुम्हाला नवल वाटेल. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतदाराला नोटेएवढा कागद मिळे. त्यावर खूण करायची नाही; पडद्याआड जाऊन आपल्या उमेदवाराचं चित्र असलेल्या पेटीत तो तसाच टाकायचा. माझ्यावर शिडीचं चित्र होतं. पडद्याआड बसून मी येणाऱ्या प्रत्येकाचे हात न्याहाळत असे.

दुपारी जमुना नावाची बाई, लहानग्या शालूची आई, मत द्यायला आली. तिचा नवरा भगवंतराव फौजेत, दूर सरहद्दीवर होता. शिडीच्या विरोधातल्या उमेदवाराचा माणूस, नत्थुजी, दाराजवळ ठाण मांडून बसला होता.

"काहून वो जमुना, भगवंताचं मत कोन टाकून राह्यलं?" त्यानं खोचकपणे विचारलं.

"त्याइचं ते पाह्यतीन," ती तुटकपणे म्हणाली.

मतदान अधिकारी यादी चाळत म्हणाले, "त्यांचं नाव या यादीत नाही, बाई. फौजेतल्या माणसाला मतपत्र टपालानं जातं आणि खूण केल्यावर टपालानंच अकोल्याला परत येतं."

जमुनाला पुढं विचारता आलं असतं. पण साहेब बोलताना नत्थुजीकडं पाहून हसले, तेवढंच तिनं टिपलं. दोघं मिळालेले आहेत, असं तिच्या मनानं घेतलं आणि आपला कागद घेऊन ती वळली.

पडद्याआड येऊन तिनं आपला कागद माझ्यात टाकला. मग मागं वळून पाहिलं आणि पदराच्या गाठीतून दुसरा कागद काढला. आली चोरटी, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात ती पुटपुटू लागली.

"शालूच्या बाबाइनं सुटीवर येनाऱ्या सोबत्याच्या हातून धाडलं. फौजेत फुली मारा, साहेबाची सही घ्या म्हन्तेत. मंग गुपित काय राह्यलं? म्हनून म्हने, जमुना, तूच शिडीत टाक. जल्मातलं पह्यलं मत हाय माह्यं, वाया जाऊ देऊ नोको."

मित्रांनो, फौजेतल्या साहेबाची सही सोबतच्या, ओळख पटवणाऱ्या कागदावर हवी होती. खुणेचं मतपत्र आपल्या हातानं पाकिटात बंद करायचं होतं. हे भगवंतरावांना कोणी समजावून सांगितलंच नाही. गावात कागदावर खूण करत नाहीत एवढं त्यांना माहीत होतं, आणि बायकोवर त्यांचा भरवसा होता. कागद माझ्या पोटात पडला. जमुना ताठ मानेनं बाहेर गेली.

अकोल्याला मोजणीच्या वेळी तो कागद निघाला आणि एकच गलका झाला. शिडीवाल्यांनी हे मत पेटीत घुसडलं, असं एक जण म्हणाला. आम्हाला बदनाम करायला तुम्हीच टाकलं, असं दुसरा. एका माणसाच्या इमानाचा तो कागद, पण सगळे त्याच्याकडं विंचवाकडं पाहावं तसे पाहत होते. मोजणीच्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "टपालाचं मतपत्र दिसतं. खूण नाही, ओळखीचा कागद नाही. बाद." मला तोंड होतं, पण बोलता येत नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

बासष्ट साली रीत बदलली. सगळ्यांसाठी एकच पेटी आली, खूण मतपत्रावर करायची आली. माझं चित्र खरवडून मला त्याच शाळेत उघड्यावर, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. जमुना आली. आपलं मत टाकून तिनं पुन्हा पदराची गाठ सोडली आणि भगवंतरावांनी यंदा धाडलेला कागद काढला.

"थांबा," नवे साहेब म्हणाले. "हे टपालाचं आहे, पेटीत चालत नाही."

"मांगच्या खेपेले चाललं नं," जमुना म्हणाली.

साहेब भले होते. त्यांनी तिला बसवून सगळं समजावलं. पेटीत सापडलेलं असं मत मोजत नाहीत, हेही सांगितलं. तिनं कागदाची घडी पुन्हा घातली.

"मी त्याइले लिहून धाडलं होतं, तुमचं मत पोचलं म्हनून," ती म्हणाली. "आता काय लिहू?"

 कागद मागायला साहेबांनी हात पुढं केला, पण तिनं तो दिला नाही. गाठीत बांधला आणि निघून गेली.

मित्रांनो, आता मी कचेरीच्या अडगळीत पडून आहे. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरचं, शेजारचं कोणी फौजेत असेल तर त्याला एक पत्र टाका. मतपत्र आलं का, खूण कुठं करायची, पाकीट कसं बंद करायचं, सगळं नीट लिहा. खुशाल संशय घ्या, पण घेतलात की तोंडानं विचारा. जमुनानं त्या दुपारी मनातल्या मनात घेतला आणि भगवंतराव सरहद्दीवर आपलं मत पोचलं या समाधानात पाच वर्षं पहारा देत राहिले.