खाऱ्या मातीची भिंत

“अरे मेल्या, खालचो थर सुकाक तरी दी! वरसून दुसरो कित्याक चढवतंस?”

मी माझ्या खाणावळीच्या दारातून ओरडले. पण माझ्याकडे जेवणारा दौलत ऐकेल तर शपथ! मोर्चे-हरताळांनी गिरण्या बंद, हात रिकामे. त्याला भिंत उभी करायची घाई. सुभद्रा, त्याची बायको, लुगडं वर खोचून पायांनी चिखल तुडवत होती आणि हसत होती.

परळच्या आमच्या गल्लीत समोरच कमलाकांतरावांचं हे पडकं कौलारू घर. बाजूची भिंत पार बसलेली, आत घुशींचं राज्य. राव दौलतला म्हणाले होते, “स्वतः उभं करतोस तर राहा. शिमग्यापर्यंत झालं नाही, तर दुसऱ्याला देईन.” झालं, गड्याने बायकोला बोलावून घेतलं. लग्न झाल्यापासून बिचारी गावी दिराच्या घरात राबत होती. तिथं जेवायला घालत तेही बोलून दाखवत.

“काकी, आता मरान गेलंय तरी थंय जावचंय नाय,” ती मला म्हणायची.

माती गणपतने आणली, शिवडीच्या खाजणातून, जिथं भरतीचं पाणी चढतं तिथून, हातगाडीवर. गणपत दौलतचा गाववाला. काळीभोर, लोण्यासारखी चिकट माती. आम्ही सगळी सड्यावरची, उंच कातळावरची माणसं, समुद्र पाहिला तो मुंबईला येताना. आमच्या गावची तांबडी माती सुकली की दगड होते. ही पण होईल, असंच धरून चाललो. मी नावाजली, गणपतने नावाजली. खारी माती कधी सुकत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!

भिंतीवर मिठाचं पांढरं फुटलं तेव्हा सुभद्रा म्हणाली, “बगा काकी, चुनो न लावताच पांढरी झाली!”

मग मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही, दिल्लीवाले म्हणाले, आणि लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार, संचारबंदी, नाक्यावर पोलीस. दोघं माझ्याकडेच अडकली. दुपारी दौलतने खिडकीतून पाहिलं, तर भिंतीने पोट काढलेलं.

“टेको लावून येतंय,” म्हणाला.

“जाव नको रे!” मी त्याचा सदरा धरला. हिसडा मारून गेला. वासा टेकवत होता, तेवढ्यात अख्खी भिंत अंगावर आली. बाहेर काढला तेव्हा छातीचा पिंजरा आत गेलेला, तोंडातून रक्त.

पुढचं दार काढलं, त्यावर निजवला आणि निघालो. मी, सुभद्रा, गणपत. रक्त बघून नाक्यावरच्या पोलिसांनी सोडलं. पलीकडे जमाव होता. रक्त बघून कुणीतरी ओरडलं, “आणखी एक पाडला!” पोरं धावली, दार खांद्यावर घेतलं, घोषणांनी रस्ता दणाणला. सुभद्रा मागून धावत होती. “गोळी नाय वो! भित पडली! भित!” घसा बसला तिचा. कोण ऐकतंय? इस्पितळाच्या फाटकाशी पोचेपर्यंत दौलत गेला होता. दुसऱ्या दिवशी हुतात्मा म्हणून त्याच्यावर एवढे हार पडले, की तोंड दिसेना.

दिवसकार्य उरकलं आणि कमलाकांतराव माझ्या खाणावळीत आले. टोपी काढून हातात धरली.

“बाई, खरं सांगतो, आता ही जागा मी दुसऱ्याला देणार होतो. पण लोक म्हणतात, तो गोळीला बळी पडला. अशा माणसाच्या बायकोला बाहेर काढलं, तर गल्लीत मला तोंड दाखवता येणार नाही.” मग हळूच विचारलं, “गोळीच ना?”

सुभद्राने खिडकीतून समोरच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. गावचा दीर दिसला असणार तिला.

“होय,” ती म्हणाली. “गोळीच.”

“मग राहा. भाड्याचं सावकाश बघू,” म्हणून राव गेले. दार लागल्यावर ती माझ्याकडे वळली.

“घर रवला गो काकी. पण माझो घोव कसो मेलो, ह्या आता माका जल्मात कोणाक सांगूक गावाचा नाय.”

मी डोळे पुसले, पदर खोचला आणि समोर जाऊन पडलेल्या भिंतीची ढेकळं घमेल्यात भरायला लागले. तीही आली, दुसरं घमेलं घेऊन.