नऊ नंबरच्या पेटीतली चिमणी

मी एक चिमणी बोलतेय. उजव्या पायात धातूची कडी असलेली. तुमच्या छपरावर ज्या दहाजणी चिवचिवतात, त्यांतलीच एक. पण माझा जन्म चार नंबरच्या पेटीतला आणि मी वाढले नऊ नंबरच्या पेटीत. ही अदलाबदल एका बाईंनी केली.

चार नंबरची पेटी, म्हणजे घरट्यासाठी टांगलेलं लाकडी खोकं, गोठ्याच्या मागच्या भिंतीवर होती. तिथे किडे-अळ्यांना तोटा नव्हता. नऊ नंबर मात्र रस्त्याला लागून. दिवसभर गाड्या, धूळ, आणि खायला ओढाताण. आम्ही अंड्यातून बाहेर आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, चिमण्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई शिडीवर चढल्या. मला आणि माझ्या भावाला त्यांनी उचललं, खुणेसाठी नखाची टोकं कापली आणि नऊ नंबरमध्ये ठेवलं. तिथली दोन पिल्लं आमच्या आईकडे गेली.

खाली शिडी धरून उभे असलेले काका म्हणाले, "बाई, माणसांच्या घरात हे केलं असतंत तर आतापर्यंत तुम्हाला बेड्या पडल्या असत्या."

बाई हसल्या. मग काकांना समजेल असं त्यांनी सांगितलं. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून त्याची कड दुमडून शिवतात ना, तशी प्रत्येक जिवाच्या पेशीत सूक्ष्म धाग्यांच्या टोकांना कड असते. वय वाढतं, हालअपेष्टा होतात, तशी ती झिजते. कुणाला ती जन्मतःच लांब मिळते, कुणाची परिस्थितीनं लवकर झिजते. आईबापांचं किती आणि घराचं किती, हे कळावं म्हणून ही अदलाबदल.

मला तेव्हा फक्त भूक कळत होती. पाळणारी आई दाराशी आली की मी मान सगळ्यात पुढे काढायची. ती बिचारी, जे तोंड मोठं दिसेल त्यात घास टाकायची. भाऊ माझ्या मागे दबलेला असायचा. त्याच्या वाटणीच्या कितीतरी अळ्या मी गिळल्या. याची खंत मला आजही आहे.

दहाव्या दिवशी बाईंनी आम्हाला कड्या घातल्या, कापडी पिशवीत घालून वजन केलं. भावाचं वजन फारच कमी भरलं. काकांनी विचारलं, जगेल का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग वही मिटली, भावाला ओंजळीत घेतलं आणि परत आमच्या आईच्या पेटीत नेऊन ठेवलं.

"हे लिहिणार नाही का?" काकांनी विचारलं.

"लिहिलं तर दोन्ही घरटी गणतीतून जातील," बाई म्हणाल्या.

भाऊ जगला. पुढच्या वर्षी आम्ही दोघंही बाईंच्या जाळ्यात सापडलो. पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन सोडून दिलं. काही महिन्यांनी बाईंचे सर आले आणि गोठ्यासमोरच्या टेबलावर कागद पसरून बसले. मी वर पन्हाळीवर होते. रक्त तपासल्यावर माझ्या पेशींतली ती कड अगदी आखूड निघाली होती, भावाची लांब. सर खूश होते. एका घरट्यात वाढलेली सख्खी भावंडं आणि एवढा फरक, म्हणजे घराचा वाटा आपण समजतो त्याहून कमी, असं काहीसं ते म्हणत होते.

बाईंनी पदराशी चाळा करत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तो तिथे वाढलाच नाही. मरेल म्हणून मीच त्याला आईकडे ठेवला होता."

सरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "त्याला मरू दिलं असतंत तर नोंद खरी राहिली असती."

"लिहून ठेवलं असतं तरी राहिली असती," बाई म्हणाल्या. "ते माझं चुकलं."

दोन्ही घरटी गणतीतून गेली. अभ्यास एक वर्ष लांबला. काकांनी निमूटपणे पुन्हा शिडी खांद्यावर घेतली.

भाऊ कधीतरी समोरच्या भिंतीवर बसतो. मला ओळखत नाही. मीही काय सांगणार?

यंदा नऊ नंबरमध्ये माझीच चार पिल्लं आहेत. आखूड कडेचं आयुष्य किती, देवच जाणे. पण मी एक नेम धरलाय. चोचीत अळी घेऊन आले की पुढची मोठी तोंडं ओलांडायची, मागे कोण दबलंय ते आधी बघायचं. पुढची तिघं फार ओरडतात, कधी कधी माझाही नेम मोडतो. मग पुन्हा धरते.

बरं, येते मी. तळाशी एकाची हालचाल सकाळपासून मंद वाटतेय, आणि ही अळी त्याचीच आहे.