सगळे एकत्र येतात ते पान

“एवढे सगळे होते, तर पहिल्याच पानावर का नाही आले?” आईनं विचारलं.

काटेवाला पलंगाच्या कडेला बसून कॉमिक्सचा अंक तिला दिसेल असा धरून होता. चार वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती चालवायला चार भावंडांपैकी समोर हा एकच मुलगा होता.

“पहिल्या पानावर आले तर पुढचे अंक कोण घेईल? आधी गैरसमज होतो, मग आपापसात मारामारी, मग खरा शत्रू कोण ते कळतं.”

“म्हणजे दर वेळी तेच.”

“दर वेळी तेच.”

“आणि हा दगडी भाऊ मागच्या खेपेला गेला होता ना? मी डोळे पुसले होते.”

“परत आला.”

“मेल्यानं सांगायचं तरी,” आई म्हणाली.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. काट्यात केसभर फरक राहिला तरी त्याला चैन पडत नसे. कॉमिक्सच्या बाबतीत मात्र तो वाटेल ते खपवून घ्यायचा. निरनिराळ्या मालिकांमधले नायक एकाच संकटावर तुटून पडतात, त्या क्रॉसओव्हर अंकांचे दोष तर त्याला तोंडपाठ होते. गोष्ट सहा अंकांची, पण ती कळायला आणखी तीस वाचावे लागतात. मध्येच चित्रकार बदलतो आणि त्याच माणसाला दुसरीच हनुवटी फुटते. निम्म्या नायकांच्या वाट्याला एकेक वाक्य येतं. शेवटी जग कायमचं बदललं असं सांगतात आणि दोन महिन्यांत सगळं जिथल्या तिथे. हे सगळं माहीत असूनही तो वाट बघायचा, पाचव्या अंकातल्या जोडपानाची, दोन पानांवर पसरलेल्या एकाच चित्राची. त्या पानावर सगळे येतात. एकमेकांचं तोंड न बघणारेही खांद्याला खांदा लावून उभे असतात. पन्नाशी जवळ आली तरी ते पान उलटताना त्याचा ऊर भरून यायचा, आणि त्याची त्याला लाज वाटत नसे.

त्या रविवारी दुपारी त्याच्या घरीही सगळे येणार होते. कंपनी दूरच्या एका बंदरात ट्रक तोलायचे मोठाले काटे बसवत होती आणि तिथल्या कामाचा प्रमुख म्हणून त्याचं नाव निघालं होतं. एक वर्षाचं काम. आयुष्यभर त्यानं दुकानांचे आणि दवाखान्यांचे काटे खोलले. अख्खा ट्रक तोलणाऱ्या काट्याला त्याचा अजून हात लागला नव्हता. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, “सोमवारी सकाळी लेखी उत्तर हवं. पुढच्या वर्षी तुमचं वय बसणार नाही.” दादा, ताई आणि धाकटी यांनी आईला चार-चार महिने ठेवलं की वर्ष सरणार होतं. त्यानं तिघांनाही बोलावून घेतलं.

तिघं वेळेवर आले, आईला भेटले, बाहेरच्या खोलीत बसले आणि भांडायला लागले.

“माझ्याकडे तीन जिने आहेत,” दादा म्हणाला.

“जिने आत्ता आठवले? बाबांच्या आजारपणात काय होतं?” ताई म्हणाली. “तेव्हा मी एकटीच धावत होते.”

“धावत होतीस की ऐकवत होतीस?”

“तुम्ही दोघं बोलूच नका,” धाकटी म्हणाली. “माझं घर लहान म्हणून मला कुणी विचारतही नाही, आणि आता बरोबर आठवण झाली!”

शब्दानं शब्द वाढत गेला. सगळ्यांची उणीदुणी निघाली. काटेवाला मात्र चहा ओतत होता. त्याला धीर होता. आधी हे होतंच, असं तो स्वतःशी म्हणत होता, पुढे सगळे एकत्र येतात.

आणि खरंच आले. धाकटीला रडू फुटलं. “आईला हलवायचं म्हटलं तरी मला भीती वाटते. तिला सोसेल का?”

“मी तेच म्हणत होतो,” दादा म्हणाला.

“या खोलीची तिला सवय झालीये,” ताई म्हणाली आणि तिनं दादाच्या पाठीवर हात ठेवला. चार वर्षं ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. धाकटी उठून त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसली. तिघं एका कोचावर, अगदी खेटून.

“तू तिचं जे करतोस ना, ते आम्हाला नाही रे जमायचं,” दादा म्हणाला. “आणि तुझं काय, एकटा जीव. कुठेही सुखी.”

“एकच वर्ष मागतोय मी.”

“अरे, अशा संधी पुढेही येतील की,” ताई म्हणाली. बाकी दोघांनी माना डोलावल्या.

बाबा गेल्यापासून त्यानं या तिघांना असं जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि आनंद होतोय म्हणून स्वतःचाच भयंकर राग आला. पाच वाजता तिघं हसत-बोलत जिना उतरले. असं वरचेवर भेटायला हवं, असं त्यांचं ठरत होतं.

तो कोरा कागद घेऊन आईपाशी येऊन बसला. मधलं दार अर्धवट उघडंच होतं, त्यामुळे तिला काही सांगावं लागलं नाही.

“कारण काय लिहितोयस?”

“तुझी तब्येत.”

“माझ्यावर नको ढकलूस. मी कुठेही पडून राहिले असते. लिही, कुणी तयार झालं नाही.”

त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग एक ओळ लिहून त्यानं सही केली. आईनं चष्मा मागितला आणि उजव्या हातात कागद धरून वाचलं. या कामासाठी जाण्यास मी स्वतः इच्छुक नाही, असं त्यात होतं.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

तिनं कागदाची घडी करायचा प्रयत्न केला. एका हातानं ती होईना, तेव्हा तसाच परत दिला. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, आणि ती वेळ अजून झाली नव्हती.

“मला भिंतीकडे वळव,” ती म्हणाली. “आणि तुला काय रडायचं ते रडून घे.”

त्यानं एक हात तिच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला, तिला अलगद भिंतीकडे वळवलं आणि पाठीशी उशी लावली.